गाऱ्हाण्यातली स्तुती

ख्रिस्ती उपासनेत देवाच्या स्तुतीला मध्यवर्ती स्थान आहे, आणि म्हणूनच मन खचलेल्या भाविकापुढे एक अवघड प्रश्न उभा राहतो: दीर्घ आजार, घरातला मृत्यू किंवा वर्षानुवर्षे केलेल्या प्रार्थनेला न मिळालेले उत्तर अशा काळात तोंडाने स्तुती गाणे हे ढोंग तर ठरत नाही ना? अनेक मंडळ्यांमध्ये, म्हणजे ख्रिस्ती भाविकांच्या स्थानिक समुदायांमध्ये, या प्रश्नावर ‘विश्वास ठेवा, आनंदात राहा’ एवढेच सांगितले जाते आणि मग खचलेला माणूस हळूहळू रविवारच्या उपासनेला यायचाच थांबतो. पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, याबाबतीत कितीतरी अधिक प्रामाणिक आहे.

बायबलमधील स्तोत्रसंहिता हा १५० गीतांचा संग्रह ज्यू आणि ख्रिस्ती या दोन्ही परंपरांचे प्रार्थनापुस्तक आहे. हेर्मान गुंकेल (१८६२-१९३२) या जर्मन अभ्यासकाने या गीतांचे त्यांच्या घडणीनुसार वर्गीकरण केले, तेव्हा स्पष्ट झाले की त्यांतील फार मोठा वाटा विलापस्तोत्रांचा, म्हणजे देवापुढे दुःख मांडणाऱ्या गीतांचा, आहे. या गीतांत बहुधा आधी देवाला हाक मारलेली असते, मग गाऱ्हाणे, त्यानंतर मागणी, पुढे विश्वासाचा उच्चार आणि शेवटी स्तुती करण्याचे वचन येते. यात गाऱ्हाणे देवाविषयी इतरांपाशी केलेले नसते, ते देवापाशीच केलेले असते. ज्याच्याशी नाते उरलेले नाही त्याच्यापाशी कोणी रडत नाही, त्यामुळे ही तक्रार हाच श्रद्धा शाबूत असल्याचा पुरावा ठरतो.

बेचाळिसावे आणि त्रेचाळिसावे ही स्तोत्रे या दृष्टीने एकत्र आणि बारकाईने वाचण्याजोगी आहेत, कारण ही दोन्ही मुळात एकच गीत असावे असे बहुतेक अभ्यासक मानतात. मंदिरापासून दूर, हर्मोन पर्वताच्या परिसरात असलेल्या या गायकाला रात्रंदिवस रडू येते, तुझा देव कुठे आहे असे लोक त्याला विचारतात, आणि सणाच्या दिवशी गर्दीबरोबर देवाच्या घराकडे जाण्याची आठवण त्याचे दुःख आणखीच वाढवते. मग तो स्वतःच्याच जिवाला प्रश्न करतो की तू इतका का खचला आहेस, आणि आपण पुन्हा देवाचे स्तवन करू असे त्याला समजावतो. हे ध्रुपद तीनदा येते, आणि पहिल्या दोन खेपांनंतर दुःख पुन्हा उसळून वर येते. एकदा समजूत काढल्याने मन ताळ्यावर येत नाही, हे त्या कवीला पक्के ठाऊक होते. त्याची स्तुती भविष्यकाळात आहे आणि तरीही ती खरी आहे.

अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र याहून कठोर आहे, कारण त्यात शेवटपर्यंत उजेड येत नाही आणि अंधारातच ते थांबते. तरीही संग्रह करणाऱ्यांनी ते गाळले नाही किंवा त्याला गोड शेवटही जोडला नाही. मत्तय आणि मार्क यांच्या शुभवर्तमानांनुसार क्रुसावरील येशूने बाविसाव्या स्तोत्राच्या आरंभीचा, देवाने टाकून दिल्याचा आक्रोश उच्चारला, आणि त्यामुळे ख्रिस्ती माणसाला असा आक्रोश पाप मानण्याचे काहीच कारण उरत नाही.

खचण्याला शरीराचीही बाजू असते, हे एलीया संदेष्ट्याच्या कथेत दिसते. कर्मेल डोंगरावरील मोठ्या विजयानंतर ईजबेल राणीच्या धमकीने तो रानात पळाला आणि एका झुडपाखाली बसून त्याने मरण मागितले. तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. भाजलेली भाकर आणि पाणी पुढे ठेवले, त्याला पुन्हा झोपू दिले, आणि मग परत उठवून खाऊ घातले. नैराश्य हा आजार असू शकतो आणि त्यावर वैद्यकीय उपचार घेणे म्हणजे अविश्वास नव्हे, हे पाळकांनी व्यासपीठावरून स्पष्टपणे सांगायला हवे.

मराठी ख्रिस्ती समाजाला विलापाची ही भाषा परकी नाही. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेले कवी नारायण वामन टिळक तुकारामांच्या वाटेनेच आपण ख्रिस्तापर्यंत पोचलो असे मानत, आणि त्यांनी अभंगाच्या चालीवर ख्रिस्ती भक्तिगीते रचली. विठ्ठलाशी हक्काने भांडणारा तुकाराम ज्या भाषेत घरोघरी गायला जातो, त्या भाषेतील मंडळीने देवाशी केवळ गुळगुळीत बोलावे, ही खेदाची गोष्ट आहे.

समाजसुधारक पंडिता रमाबाईंचे आयुष्य तर या विषयाचे जिवंत उदाहरण आहे. आईवडील आणि बहीण दुष्काळात गेली, १८८० मध्ये भाऊ आणि १८८२ मध्ये पती वारला, आणि १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतल्यानंतरही आपल्याला धर्म मिळाला पण ख्रिस्त मिळण्यास आणखी काही वर्षे लागली, हे त्यांनी स्वतःच नमूद केले आहे. केडगावच्या मुक्ती सदनात दुष्काळग्रस्त मुलींचा सांभाळ करत असतानाच मूळ हिब्रू व ग्रीक भाषांतून बायबल मराठीत आणण्याचे प्रचंड काम त्यांनी हाती घेतले. जुलै १९२१ मध्ये त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा वारली. तरीही भाषांतराचे काम त्यांनी सोडले नाही, आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचा मृत्यू झाला. ज्या स्तोत्रांत असे रडणे आहे, ती त्यांनी स्वतःच मराठीत उतरवलेली होती.

मराठी मंडळ्यांनी वर्षातून काही रविवार तरी ही विलापस्तोत्रे पूर्ण वाचावीत, अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्रही वगळू नये, आणि वाचन झाल्यावर घाईने आनंदाचे गीत सुरू न करता, ज्याला रडायचे आहे त्याला थोडा वेळ रडू द्यावे.