कॅराव्हॅनमधील हीटरची निवड : ऊब घेताना घ्यावयाची दक्षता

थंड प्रदेशात कॅराव्हॅनमधून प्रवास करणाऱ्या कुटुंबासाठी वाहन हेच स्वयंपाकघर आणि शयनगृह असते. लेह, स्पिती किंवा काश्मीर खोऱ्यात हिवाळ्याच्या रात्री तापमान शून्याच्या बरेच खाली उतरते. तेथे वाहनात उष्णतेची सोय असणे आरोग्याच्या दृष्टीने आवश्यकच आहे. तथापि, कॅराव्हॅनची आतील जागा लहान असते, थंडीमुळे दारे-खिडक्या घट्ट लावलेल्या असतात आणि आतील सर्व जण झोपेत असतात. अशा जागेत चुकीचा हीटर लावल्यास काही तासांत प्राणहानी होऊ शकते. जानेवारी २०२० मध्ये नेपाळमधील दामन येथे गॅस हीटर लावून बंद खोलीत झोपलेल्या केरळच्या आठ पर्यटकांचा मृत्यू झाला. त्यांत चार बालके होती. कॅराव्हॅनमधील जागा तर अशा खोलीहूनही लहान असते.

म्हणून हीटर निवडताना तो किती ऊब देतो, याआधी एक प्रश्न विचारावा : इंधन कोठे जळते आणि जळल्यानंतर निर्माण होणारे वायू कोठे जातात? या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर न मिळाल्यास तो हीटर झोपण्याच्या जागेसाठी निवडू नये.

धोका नेमका कशाचा?

कोळसा, लाकूड, डिझेल, रॉकेल किंवा स्वयंपाकाचा गॅस पूर्णपणे न जळल्यास कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होतो. त्यास रंग नसतो, वास नसतो आणि त्यामुळे डोळे चुरचुरत नाहीत. श्वासावाटे रक्तात गेल्यावर तो हिमोग्लोबिनशी ऑक्सिजनच्या तुलनेत दोनशे पटींहून अधिक घट्टपणे जोडला जातो. परिणामी रक्त वाहत असूनही मेंदू व हृदय यांना पुरेसा ऑक्सिजन मिळत नाही. झोपलेल्या व्यक्तीला जाग येण्यापूर्वीच ती बेशुद्ध होऊ शकते.

धूर दिसत नाही म्हणजे धोका नाही, हा समज चुकीचा आहे. धगधगते लाल निखारे धूर देत नाहीत, परंतु कार्बन मोनॉक्साइड मोठ्या प्रमाणात देतात. त्याचप्रमाणे खिडकी बोटभर उघडी ठेवली म्हणजे पुरेसे झाले, असेही मानू नये. वाऱ्याची दिशा, बर्फाचा थर आणि वाहनाची रचना यांवर हवेचे येणे-जाणे अवलंबून असते. त्याची खात्री देता येत नाही.

हीटरचे प्रकार व त्यांची उपयुक्तता

१. बाहेर धूर सोडणारे, वाहनात कायम बसविलेले हीटर. डिझेलवर किंवा गॅसवर चालणाऱ्या या हीटरमध्ये ज्वलन बंदिस्त कक्षात होते. ज्वलनासाठी लागणारी हवा एका नळीतून बाहेरून घेतली जाते, जळालेले वायू दुसऱ्या नळीतून बाहेर सोडले जातात आणि केबिनमधील हवा धातूच्या भिंतीपलीकडून केवळ तापविली जाते. थंड प्रदेशात मुक्काम करणाऱ्या कॅराव्हॅनसाठी इंधनावर चालणाऱ्या हीटरपैकी हाच प्रकार स्वीकारार्ह आहे. मात्र तो प्रशिक्षित व्यक्तीकडूनच बसवून घ्यावा. धूर सोडणाऱ्या नळीचे तोंड खिडकी, दार किंवा हवा आत घेणाऱ्या नळीजवळ नसावे. नळीचे सांधे वर्षातून किमान एकदा व प्रत्येक हिवाळी प्रवासापूर्वी तपासावेत. लहान व मध्यम आकाराच्या वाहनास साधारणतः २ किलोवॅट क्षमता पुरेशी असते. गरजेपेक्षा मोठा डिझेल हीटर सतत मंद आचेवर चालवावा लागतो, त्यामुळे त्यात काजळी साठते.

२. विजेवर चालणारे हीटर. यांत ज्वलन होत नसल्याने कार्बन मोनॉक्साइडचा धोका नसतो. मुक्कामाच्या तळावर भरवशाचा वीजपुरवठा असेल तर तेल भरलेला रेडिएटर हा उत्तम पर्याय आहे. आयएसआय चिन्ह, तापमान नियंत्रक आणि कलंडल्यास आपोआप बंद होण्याची सोय असलेले उपकरण घ्यावे. १,००० वॅटचा हीटर २३० व्होल्टवर सुमारे साडेचार अँपिअर वीज घेतो. २,००० वॅटचा हीटर ६ अँपिअरच्या साध्या प्लगला जोडू नये. जोडवायर गुंडाळलेल्या स्थितीत वापरल्यास ती तापून आग लागू शकते. वाहनाच्या बॅटरीवर असा हीटर चालविण्याचा प्रयत्न व्यर्थ आहे. १२ व्होल्टच्या बॅटरीतून १,००० वॅटसाठी ऐंशी अँपिअरहून अधिक वीज खेचली जाते व १०० अँपिअर-तासांची बॅटरी तासाभरात, बहुधा त्याहूनही लवकर, रिकामी होते.

३. धूर बाहेर सोडण्याची नळी नसलेले गॅस किंवा रॉकेलचे हीटर. हे हीटर केबिनमधील ऑक्सिजन वापरतात आणि जळालेले वायू त्याच केबिनमध्ये सोडतात. ज्योत न दिसणारे उत्प्रेरक प्रकारचे गॅस हीटरही यास अपवाद नाहीत. शिवाय एक किलो गॅस जळताना सुमारे दीड लिटर पाण्याइतकी वाफ तयार होते. ती भिंतींवर व अंथरुणावर ओल धरते. ऑक्सिजन कमी झाल्यास बंद होणारी सोय काही हीटरमध्ये असते, परंतु ती कार्बन मोनॉक्साइड मोजत नाही. या प्रकारचा हीटर कॅराव्हॅनमध्ये वापरू नये.

४. शेगडी, सिगडी, कांगडी व बुखारी. काश्मिरी घरांतील कांगडी किंवा लडाखमधील धुराड्याची बुखारी ही तेथील जीवनपद्धतीचा भाग आहे. मात्र ती वाहनासाठी बनविलेली साधने नाहीत. निखारे असलेले कोणतेही भांडे कॅराव्हॅनमध्ये किंवा तंबूत आणू नये. विझत आलेली शेगडी ‘आता काही होत नाही’ म्हणून आत ठेवणे विशेष धोक्याचे आहे. स्वयंपाकाची गॅस शेगडी ऊब मिळविण्यासाठी कधीही पेटवून ठेवू नये.

उंचावरील प्रदेशासाठी विशेष बाबी

लेह शहर सुमारे ३,५०० मीटर उंचीवर आहे. तेथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे दोन-तृतीयांश असतो. समुद्रसपाटीसाठी जुळवलेला डिझेल हीटर अशा विरळ हवेत तेवढेच इंधन घेतो, पण ते पूर्ण जळत नाही. त्यामुळे काजळी व कार्बन मोनॉक्साइड यांचे प्रमाण वाढते. अनेक उत्पादक सुमारे १,५०० मीटरच्या पुढे दीर्घकाळ वापरासाठी वेगळी जुळणी आवश्यक असल्याचे सांगतात. खरेदीच्या वेळीच उंचीनुसार इंधनाचे प्रमाण बदलण्याची सोय आहे काय, हे विचारावे.

इंधनाचाही विचार करावा. साधे डिझेल तीव्र थंडीत घट्ट होते. अशा भागात हिवाळ्यासाठीचे डिझेल मिळत असल्यास तेच भरावे. स्वयंपाकाच्या गॅसमधील ब्युटेन शून्य अंशाच्या आसपास वायुरूपात येणे थांबवतो, म्हणून भरलेल्या सिलिंडरमधूनही गॅस मिळेनासा होतो. सिलिंडर ऊब मिळावी म्हणून आत आणणे किंवा त्यास आच देणे अत्यंत धोक्याचे आहे. हा गॅस हवेहून जड असल्याने गळती झाल्यास तळाशी साचतो. सिलिंडर उभा, घट्ट बांधलेला आणि तळाला बाहेर उघडणारे छिद्र असलेल्या स्वतंत्र कप्प्यात ठेवावा. गळतीचा वास आल्यास विजेचे बटण न दाबता, काडी न पेटवता सर्वांनी बाहेर पडावे व १९०६ या क्रमांकावर कळवावे.

इंजिन चालू ठेवून वाहनाचा नेहमीचा हीटर वापरणे हा मुक्कामाचा पर्याय नाही. बर्फात अडकलेल्या वाहनाची धूर सोडणारी नळी बर्फाने बुजली तर धूर आत येतो. वाहतूक खोळंबल्यास प्रथम नळीभोवतीचा बर्फ काढावा, इंजिन थोडा वेळच चालवावे आणि ते चालू असताना कोणीही झोपू नये.

भाड्याने वाहन घेताना

महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण जाहीर केले. महाबळेश्वर किंवा कोकणासाठी सज्ज केलेल्या वाहनात हीटर नसणे स्वाभाविक आहे. तेच वाहन हिमालयात नेताना वाटेत मिळेल तो हीटर विकत घेण्याची वेळ आपल्यावर येऊ नये. आरक्षणापूर्वी चालकास किंवा मालकास पुढील प्रश्न विचारावेत.

• हीटर कायम बसविलेला आहे काय व त्याचा धूर बाहेर जातो काय?
• तो शेवटचा केव्हा तपासला गेला?
• आपण जाणार असलेल्या उंचीसाठी तो योग्य आहे काय?
• झोपण्याच्या जागेजवळ कार्बन मोनॉक्साइडचा इशारा देणारा गजर आहे काय आणि तो चालू आहे काय?
• अग्निशामक कोठे ठेवले आहे?

असमाधानकारक उत्तरे मिळाल्यास दुसरे वाहन घ्यावे किंवा रात्रीचा मुक्काम सुरक्षित खोलीत करावा.

गजर अवश्य बसवावा

कोणताही इंधनाचा हीटर असल्यास कार्बन मोनॉक्साइडचा गजर अनिवार्य समजावा. वाहनांसाठी असलेल्या ईएन ५०२९१-२ या युरोपीय मानकानुसार बनविलेला गजर घ्यावा. तो उत्पादकाच्या सूचनेनुसार झोपण्याच्या जागेजवळ बसवावा, प्रवासापूर्वी बटण दाबून तपासावा व त्याची मुदत पाहावी. धुराचा किंवा गॅसगळतीचा गजर हे काम करीत नाही. गजर ही अतिरिक्त सुरक्षा आहे. तो असल्याने शेगडी आत आणण्याची मुभा मिळत नाही.

लक्षणे ओळखा

डोकेदुखी, चक्कर, मळमळ, थकवा, धाप आणि गोंधळलेपणा ही कार्बन मोनॉक्साइडच्या विषबाधेची लक्षणे आहेत. उंचावरील विरळ हवेमुळे होणाऱ्या त्रासाची लक्षणेही जवळपास अशीच असतात. त्यामुळे ‘उंचीचा त्रास असेल, झोपल्यावर बरे वाटेल’ असे समजून आजारी व्यक्तीला त्याच केबिनमध्ये झोपविले जाण्याची शक्यता असते. एकाच वेळी अनेकांना त्रास होणे, हीटर लावल्यावर त्रास वाढणे व मोकळ्या हवेत गेल्यावर कमी होणे, या खुणांवरून विषबाधेचा संशय घ्यावा. संशय असल्यास झोपू नये व कोणाला झोपू देऊ नये. बोटाला लावावयाचे साधे ऑक्सिमीटर या विषबाधेत सामान्य आकडा दाखवू शकते, म्हणून त्यावर विसंबू नये. गर्भवती, लहान बालके, वृद्ध आणि हृदयविकार असलेल्या व्यक्तींना धोका अधिक असतो.

तातडीने करावयाची कृती

सर्वांना लगेच मोकळ्या हवेत न्यावे व उबदार पांघरावे. दारे उघडावीत आणि शक्य असल्यास हीटर बंद करावा. ११२ किंवा १०८ या क्रमांकावर मदत मागावी व विषबाधेचा संशय स्पष्टपणे सांगावा. श्वास थांबला असल्यास छातीवर दाब देऊन पुनरुज्जीवनाची क्रिया सुरू करावी. साध्या हवेत हा वायू रक्तातून निम्मा होण्यास चार ते सहा तास लागतात, शुद्ध ऑक्सिजन दिल्यास हा काळ सुमारे एक ते दीड तासावर येतो. म्हणून बरे वाटू लागले तरी रुग्णालयात जावे. विस्मरण, स्वभावातील बदल यांसारखे परिणाम काही दिवसांनी किंवा आठवड्यांनीही दिसू शकतात. तसे आढळल्यास पुन्हा डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

रात्रीची ऊब प्रामुख्याने अंथरूण-पांघरूण, लोकरीचे कपडे, खिडक्यांचे जाड पडदे, जमिनीवरील सतरंजी व गरम पाण्याची पिशवी यांतून मिळवावी. झोपण्यापूर्वी केबिन तापवून घ्यावी. वाहनातील सर्व व्यक्तींना, मुलांसह, गजर वाजल्यास प्रथम बाहेर पडावयाचे आहे हे प्रवासाच्या पहिल्याच दिवशी सांगून ठेवावे.