उघाडीची झडप : किती जड, किती तिरपी?

कोकणातील खार जमिनीत बांध कितीही भक्कम असला, तरी उघाडीची झडप नीट मिटली नाही तर भरतीचे पाणी आत शिरते आणि जून-जुलैच्या पावसाने धुऊन गेलेला खार पुन्हा खाचरात येतो. उलट झडप फार घट्ट मिटत असेल, तर ओहोटीला पावसाचे पाणी वेळेत निघत नाही व भात बुडून राहते.

वर बिजागरी असलेली झडप अगदी उभ्या चौकटीवर टांगली, तर तिचे सारे वजन बिजागरीवर जाते, मिटण्याच्या कामी काहीच येत नाही. मग भरतीचा ओघ आत येऊ लागल्यावरच ती मिटते. म्हणून चौकटीची खालची कड खाडीच्या बाजूला थोडी पुढे ठेवावी. झडप आपल्याच वजनाने चौकटीवर टेकते. पाया खचून चौकट उलट, आतल्या बाजूला कलली असेल तर खाली कायमची फट राहते. ओळंबा लावून हे जरूर पाहावे.

कल किती द्यावा? एक मीटर लांब-रुंद, ८० किलोची लोखंडी झडप घ्या. पाण्यात तिचे वजन सुमारे ७० किलोच भरते. मीटरला १० सेंटिमीटर कल असेल, तर बुडालेली झडप उघडण्यास आतले पाणी बाहेरच्यापेक्षा पाऊण सेंटिमीटर उंच लागते. ३० सेंटिमीटर कलाला दोन सेंटिमीटर. हीच झडप नळाच्या तोंडावर आडवी पडून असेल तर सात! एका एकरावर एक सेंटिमीटर पाणी म्हणजे सुमारे ४० हजार लिटर, हे ध्यानात घेतले म्हणजे १० सेंटिमीटरच्या आसपासचा कल पुरे वाटतो. अर्थात बिजागरी गंजलेली नसावी.

सागवानी झडपेची गोष्ट वेगळी. लाकूड पाण्याहून हलके, त्यामुळे तिरपी झडप बुडताच वर तरंगू पाहते व उघडते. तिच्या खालच्या कडेला लोखंडी पट्ट्या ठोकून ती पाण्यात बुडेल इतकी जड करावी.

झडप फारच जड असेल तर बिजागरीपलीकडे दांडा काढून त्यावर सरकते वजन लावता येते. मात्र हा तोल कोरड्यात साधू नये. दांड्यावरचे वजन हवेतच राहते, झडप मात्र पाण्यात हलकी होते आणि उघडीच राहते. भरतीचे पाणी झडपेवर चढल्यावर वजन थोडे थोडे बिजागरीकडे सरकवावे. झडप हलकेच मिटू लागली की तेथेच पक्के करावे.

अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाआधी चौकटीवर बसलेली कालवे खरवडून काढावीत व उंबऱ्यावरचा गाळ, काटक्या साफ कराव्यात.