त्वचेच्या रंगातून दिसणारे रक्ताभिसरण

त्वचेचा रंग मेलॅनिन या रंगद्रव्याप्रमाणेच तिच्याखालील केशवाहिन्यांतून, म्हणजे अतिसूक्ष्म रक्तवाहिन्यांतून, वाहणाऱ्या रक्तावरही अवलंबून असतो. म्हणूनच नख दाबून सोडल्यावर पांढरी पडलेली जागा उबदार खोलीत निरोगी प्रौढाच्या बोटावर साधारण २ सेकंदांत पुन्हा गुलाबी होते आणि याहून बराच वेळ लागल्यास रक्तपुरवठा कमी पडत असल्याची शंका घेतली जाते. केशवाहिन्यांतील ऑक्सिजनरहित हिमोग्लोबिन दर १०० मिलिलिटर रक्तात सुमारे ५ ग्रॅम झाले, की निळसर झाक, अर्थात नीलता, दिसू लागते. मात्र तीव्र रक्तक्षयात मुळात हिमोग्लोबिनच कमी असल्याने ऑक्सिजन धोकादायक पातळीपर्यंत घटूनही ती दिसत नाही, आणि ही तिची एक धोकादायक मर्यादा होय. थंडीने केवळ बोटे निळी पडणे बहुधा स्थानिक असते, परंतु जीभही निळी पडल्यास धमन्यांतील रक्तातच ऑक्सिजन अपुरा असण्याचा संभव असल्याने तातडीने उपचार हवेत. सावळ्या त्वचेवर या छटा सहज दिसत नाहीत, तरीही वैद्यकीय पुस्तकांतील चित्रे दीर्घकाळ प्रामुख्याने गोऱ्या त्वचेचीच राहिली. सावळ्या त्वचेच्या रुग्णात जीभ, ओठांची व पापण्यांची आतील बाजू आणि तळहात पुरेशा उजेडात पाहणे आवश्यक ठरते.