ब्रायटन: सकाळी जाऊन रात्री परत

लंडनमध्ये मास्टर्सला आलेल्या मराठी मुलामुलींचं पहिलं सत्र जरा मार्गी लागलं, की व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर कुणीतरी विचारतंच, "शनिवारी ब्रायटन?" असाइनमेंट तुंबलेल्या असतात, खात्यावरचे पौंड घटत चाललेले असतात, पण या प्रश्नाला सहसा कुणी नाही म्हणत नाही. व्हिक्टोरिया स्टेशनवरून साधारण तासाभरात गाडी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर पोहोचते. हॉटेलचा खर्च नाही, व्हिसाची भानगड नाही, सामान म्हणजे पाठीवरची एक सॅक.

तिकिटाचं गणित मात्र निघण्याआधी करावं. 16 ते 25 वयोगटासाठी मिळणाऱ्या रेलकार्डावर भाड्यात एक तृतीयांश सूट असते. पूर्णवेळ विद्यार्थी असेल तर पंचविशी ओलांडल्यावरही हे कार्ड काढता येतं. कार्ड नसलेले तीन ते नऊ जण एकत्र निघाले, तर गर्दीच्या वेळा टाळून ग्रुपच्या तिकिटावर तेवढीच सूट मिळते. सोमवार ते शुक्रवार सकाळी दहाच्या आधी रेलकार्डाला किमान भाड्याची अट लागू होते आणि सवलतीचा बराचसा फायदा तिथेच जिरतो. म्हणून विद्यार्थ्यांच्या ब्रायटनवाऱ्या बहुतेक शनिवार-रविवारी होतात.

सकाळी जाऊन रात्री परतायची ही पद्धत जुनी आहे, आणि आजचं ब्रायटन तिनेच घडवलं आहे. 1841 च्या सप्टेंबरमध्ये लंडन-ब्रायटन रेल्वे पूर्ण झाली. त्याआधी घोडागाडीने पाच-सहा तास लागत, त्यामुळे समुद्र पाहणं ही सवड आणि पैसा असलेल्यांची चैन होती. वाटेत बाल्कमजवळ गाडी ऊझ नदीचं खोरं ओलांडते. त्या पुलाला 37 कमानी आहेत आणि तो बांधायला सुमारे एक कोटी दहा लाख विटा लागल्या. गंमत अशी, की गाडीत बसलेल्याला यातली एकही कमान दिसत नाही. दोन्ही बाजूंना मोकळं रान दिसतं आणि पूल सरतो.

रेल्वेपाठोपाठ स्वस्त सहलींच्या गाड्या आल्या. 1871 मध्ये बँक हॉलिडेचा कायदा झाला आणि कामगार, कारकून, दुकानात राबणाऱ्या मुली असे सगळे लंडनहून एका दिवसासाठी किनाऱ्यावर लोटू लागले. राणी व्हिक्टोरियाला ब्रायटनची ही वर्दळ त्याआधीच नकोशी झाली होती. तिने आइल ऑफ वाइटवर स्वतःसाठी निवांत घर घेतलं आणि 1850 मध्ये ब्रायटनचा राजवाडा, म्हणजे रॉयल पॅव्हिलियन, नगरपालिकेला 53,000 पौंडांना विकून टाकला. राणी गेली, गर्दी राहिली.

स्टेशनातून बाहेर पडलं की क्वीन्स रोडचा सरळ उतार थेट समुद्राकडे नेतो. पंधराएक मिनिटांत पाणी दिसतं, आणि कोकण-गोव्याच्या वाळूत वाढलेल्या मुलांचा इथे पहिला विरस होतो. वाळू नाहीच. किनारा सगळा गोट्यांचा आहे, बहुतेक गारगोटीचे, करडे-तपकिरी आणि मुठीत मावतील एवढे. अनवाणी चालणं म्हणजे शिक्षाच. सुरुवातीची दहा मिनिटं सगळे कण्हतात, मग बूट घालून गोट्यांवर आडवे होतात आणि पाठीला ते बरं वाटतं असं एकमेकांना पटवून देतात. चारदोन गोटे आठवण म्हणून सॅकमध्ये टाकायचा मोह होतो, पण ते घरी नेण्यास कायद्याने मनाई आहे. समुद्राच्या माऱ्यापासून किनारा या गोट्यांनीच वाचतो.

पाण्याबद्दलही थोडं सावध असावं. भरतीच्या वेळी गोट्यांचा उतार एकदम खोल जातो, दोन पावलांत कमरेचं पाणी छातीला लागतं. आणि भर उन्हाळ्यातही ते अरबी समुद्राच्या मानाने चांगलंच गार असतं. जीवरक्षकांचे लाल-पिवळे झेंडे असतील त्यांच्या मधेच उतरावं. नुसता लाल झेंडा दिसला, तर पाण्यात जायचंच नाही.

याच गार पाण्यामुळे गावाचं नशीब पालटलं. अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत हे कोळ्यांचं गाव होतं. जवळच्या ल्युइसमध्ये डॉ. रिचर्ड रसेल वैद्यकी करत. त्यांनी समुद्रस्नान हा ग्रंथींच्या विकारांवरचा उपचार असल्याचं पुस्तक लिहून सांगितलं. रोग्यांना ते समुद्राचं पाणी प्यायलाही लावत. धनिक मंडळी हवापालटाला येऊ लागली आणि 1783 मध्ये त्यांच्यात एक तरुण राजपुत्र आला, पुढचा चौथा जॉर्ज. उधळ्या, खवय्या, कर्जात बुडालेला.

या राजपुत्राने जे बांधलं, ते किनाऱ्यापासून चालत दहा मिनिटांवर आहे. तरीही बरेच विद्यार्थी ते बाहेरूनच पाहतात, एक सेल्फी काढतात आणि निघतात. वेळ थोडा असतो हे खरं, पण दिवसातली सगळ्यात मोठी चूक तीच. रॉयल पॅव्हिलियन ही इमारत इंग्लंडच्या ढगाळ आभाळाखाली अगदी अनोळखी दिसते: कांद्याच्या आकाराचे घुमट, मिनार, जाळ्या. वास्तुविशारद जॉन नॅश यांनी 1815 ते 1822 या काळात जुन्या वाड्यावर लोखंडी सांगाडा चढवून तिला हे रूप दिलं. नॅश कधी हिंदुस्थानात आले नव्हते. डॅनियल काका-पुतण्यांनी काढलेली हिंदुस्थानी इमारतींची चित्रं तेव्हा इंग्लंडमध्ये गाजत होती, त्यांचा या शैलीवर मोठा प्रभाव होता. आत मात्र सगळा चिनी थाट आहे. मेजवानीच्या दालनात सुमारे एक टन वजनाचं झुंबर आहे आणि चांदीचा मुलामा दिलेल्या ड्रॅगनच्या पंजातून ते लोंबतं.

ही हौसेची नक्कल एका शतकानंतर खऱ्याखुऱ्या हिंदी माणसांनी भरून गेली. पहिल्या महायुद्धात फ्रान्स आणि बेल्जियममध्ये लढणाऱ्या हिंदी फौजेचे जखमी 1914 च्या डिसेंबरपासून इथे आणले गेले. दालनांत आणि शेजारच्या डोम नावाच्या इमारतीत मिळून सातशेहून अधिक खाटा पडल्या. धर्म आणि जात सांभाळून स्वयंपाक व्हावा म्हणून नऊ मुदपाकखाने उभारले, हिंदू आणि मुसलमान सैनिकांसाठी पाण्याचे नळ वेगळे ठेवले, फलक उर्दू, हिंदी आणि गुरुमुखीत लावले. ब्रिटिश सरकारने या रुग्णालयाची छायाचित्रं प्रचारासाठी भरपूर वापरली. 1915 च्या ऑगस्टमध्ये सुभेदार मीर दस्त यांना पंचम जॉर्जने व्हिक्टोरिया क्रॉस दिला, तो पॅव्हिलियनच्या हिरवळीवर. दुसरी बाजूही होती. याच शहरातल्या किचनर रुग्णालयातल्या सैनिकांना बाहेर मोकळं फिरू दिलं जात नव्हतं. आवाराला काटेरी तार होती. पॅव्हिलियनमध्ये आज या सगळ्या इतिहासाचं एक छोटं दालन आहे. बाहेरचा डोम मुळात राजपुत्राच्या घोड्यांचा तबेला. तबेल्याचं रुग्णालय झालं, पुढे नाट्यगृह झालं, आणि 1974 मध्ये त्याच रंगमंचावर 'वॉटर्लू' गाऊन अ‍ॅबा या स्वीडिश चमूने युरोव्हिजन स्पर्धा जिंकली.

ब्रायटनमध्ये नाव काढलेला हिंदी माणूस मात्र या सैनिकांच्या शंभर वर्षं आधीचा. पाटण्यात जन्मलेले शेख दीन मोहम्मद ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत होते, पुढे आयर्लंडला गेले. 1794 मध्ये तिथे त्यांनी आपल्या प्रवासाचं पुस्तक इंग्रजीत छापलं. इंग्रजीत पुस्तक प्रसिद्ध करणारे ते पहिले हिंदी लेखक मानले जातात. 1810 मध्ये त्यांनी लंडनमध्ये हिंदुस्थानी खाण्याचं घर उघडलं, ते चाललं नाही, दिवाळं निघालं. मग ते ब्रायटनला आले आणि समुद्राकाठी वाफेचं स्नान आणि मालिश यांचा धंदा थाटला. औषधी वनस्पतींच्या वाफेत माणूस फ्लॅनेलच्या तंबूत बसे आणि मालिश करणारा कापडातल्या फटींतून हात आत घालून अंग रगडे. बडे लोक रांगा लावू लागले. चौथा जॉर्ज आणि त्यानंतरचा चौथा विल्यम या दोन्ही राजांच्या सेवेत त्यांची नेमणूक झाली. 1851 मध्ये ते वारले. त्यांची कबर सेंट निकोलस चर्चच्या आवारात आहे, म्हणजे स्टेशनपासून दहा मिनिटांच्या आत. परदेशात बस्तान बसवायला आलेल्या आणि नोकरीचा पहिलाच नकार पचवलेल्या मुलांनी तिथे जाऊन यायला हरकत नाही.

पाय शाबूत असतील आणि दिवस मोठा असेल, तर आणखी एक ठिकाण. शहराच्या उत्तरेला पॅचमपर्यंत बस जाते आणि पुढे मेंढ्यांच्या कुरणांतून पायवाट चढते. टेकडीवर आठ खांबांची पांढऱ्या संगमरवराची छत्री उभी आहे. ब्रायटनच्या रुग्णालयांत दगावलेल्या 53 हिंदू आणि शीख सैनिकांवर इथे अग्निसंस्कार झाले; मुसलमान सैनिकांचं दफन वोकिंगला झालं. छत्रीचा आराखडा काढला मुंबईच्या ई. सी. हेन्रिक्स या तरुण वास्तुविशारदाने, आणि त्याला मार्गदर्शन केलं जयपूरचा अल्बर्ट हॉल रचणाऱ्या स्विंटन जेकब यांनी. 1921 च्या फेब्रुवारीत तिचं अनावरण झालं. दर वर्षी जूनमध्ये इथे स्मरणाचा कार्यक्रम होतो.

इतकं चालायचं नसेल, तर पॅलेस पियर आहेच. 1899 मध्ये खुला झालेला हा सव्वापाचशे मीटर लांबीचा धक्का म्हणजे बारमाही जत्रा: पाळणे, नाणी गिळणारी यंत्रं, गरम डोनट. उन्हाळ्यात बाहेरगावच्या लोकांकडून अलीकडे थोडं प्रवेशशुल्क घेतात. जवळूनच मॅग्नस व्होल्क यांची 1883 सालची विजेची छोटी गाडी सुटते. चालू असलेल्या विद्युत रेल्वेंत ती जगातली सर्वांत जुनी मानली जाते, पण हिवाळ्यात ती बंद असते. फिश अँड चिप्सचा पुडा उघड्यावर खाताना आभाळाकडे लक्ष असू द्यावं. इथले सीगल मोठे आहेत आणि पाठीमागून येतात. हातातला मासा गेल्यावरच ते आल्याचं कळतं. डब्यात घरून पोळी-भाजी आणलेल्यांनीही निर्धास्त राहू नये.

जायचं कधी, यावर बरंच अवलंबून असतं. जूनमध्ये नऊनंतरही उजेड असतो, छत्रीपर्यंत जाऊन किनाऱ्यावर परत लोळता येतं. डिसेंबरमध्ये चारलाच अंधारतं; त्या दिवसांत एक पॅव्हिलियन नीट पाहिलं तरी पुष्कळ झालं. मात्र हिवाळ्यातल्या संध्याकाळी मैनांच्या जातीतले हजारो स्टार्लिंग समुद्रावर थवे करून फिरतात आणि 2003 च्या आगीत जळालेल्या वेस्ट पियरच्या लोखंडी सापळ्याभोवती घिरट्या घालतात, ते उन्हाळ्यात दिसत नाही. रविवारी जायचं तर गाड्यांचं वेळापत्रक आदल्या रात्रीच पाहावं. रुळांची कामं बहुधा रविवारीच निघतात. मग काही टप्पा रेल्वेने पुरवलेल्या बसमधून काटावा लागतो आणि तासाचा प्रवास अडीच तासांवर जातो. सोमवारी सकाळी नऊचं लेक्चर असलेल्यांनी शनिवारच धरावा.