दक्षिण गोलार्धांतील नाताळ आणि बालवर्ग

डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यांत सिडनी शहरांतील एखाद्या बालवर्गांत सकाळीं डोकावलें तर एक चमत्कारिक देखावा दृष्टीस पडतो. अंगणांत ऊन तापूं लागलेलें असतें. चार-चार वर्षांचीं मुलें रुंद काठाच्या टोप्या घालून झाडाच्या सावलींत पाण्याशीं खेळत असतात. आणि वर्गाच्या खिडकीच्या कांचेवर मात्र कापसाचा बर्फ चिकटविलेला असतो! भिंतीवर लोंकरी झगा घातलेला सांताक्लॉज, त्याची बर्फावरून घसरत जाणारी गाडी, ती ओढणारे रेनडियर; बाहेर एक जग, आंत दुसरें, आणि दोहोंच्या मध्यें उभें असलेलें मूल.

हा विरोध कसा उत्पन्न झाला, हें सांगणें अवघड नाहीं. २१-२२ डिसेंबरच्या सुमारास उत्तर गोलार्धांत रात्र सर्वांत मोठी असते. त्या काळोखांत मेणबत्त्या, शेकोटी व थंडींतही हिरवें राहणारें झाड यांचा युरोपीय माणसाला मोठा आधार वाटे. म्हणून हीच त्याच्या नाताळाची सामग्री झाली. १७८८ सालीं इंग्रजांनीं सिडनी येथें वसाहत केली, तेव्हां ही सामग्रीही त्यांच्याबरोबर गेली. परंतु पृथ्वीचा आंस कललेला असल्यामुळें तेथें त्याच सुमारास दिवस सर्वांत मोठा असतो. मूळ कथेंत तर बर्फ नाहींच. लूकच्या शुभवर्तमानांत गव्हाण आहे, रात्रीं कळप राखणारे मेंढपाळ आहेत. ऋतूचें नांव नाहीं, कीं तारीखही नाहीं.

मराठी श्रोत्यांना ही अडचण परकी वाटूं नये. मेलबर्न-सिडनीकडे राहणाऱ्या मराठी कुटुंबांची संक्रांत आठवावी. तीळ-गूळ उष्ण, काळें वस्त्र ऊब धरणारें, म्हणून तें थंडींत योग्य. पण तेथें जानेवारींत पारा कधीं कधीं चाळीस अंशांच्या वर जातो! दिवाळी तिकडे वसंत ऋतूंत येते. घड्याळेंही त्या दिवसांत एक तास पुढें केलेलीं असतात. म्हणून आकाशकंदिलाची शोभा दिसावी तर मुलांना आठ वाजेपर्यंत थांबावें लागतें. सण बरोबर नेतां येतो, ऋतु नेतां येत नाहीं.

मोठ्या माणसाला याचें फारसें कांहीं वाटत नाहीं. तो आठवणीवर सण साजरा करूं शकतो. लहान मुलाजवळ आठवणींचा सांठा नसतो. त्याला जें दिसतें, हातीं लागतें, चाखतां येतें, त्यावरच त्याचा शब्द उभा राहतो. ज्यानें बर्फ पाहिलेला नाहीं तें मूल कापसालाच बर्फ समजतें, आणि त्यांत त्याचा दोष नाहीं. फ्रोबेलनें १८४० सालीं जर्मनींत आपल्या बालशाळेला किंडरगार्टन, म्हणजे मुलांचा बाग, असें नांव दिलें, तें उगाच नव्हे. सिडनीच्या वूलूमूलू भागांत १८९६ सालीं मोफत किंडरगार्टन निघालें. युरोपांतली ही पद्धत तेथें इतकी जुनी आहे. पण ज्या बागेंत मूल वाढावयाचें तो बाग तेथलाच असला पाहिजे.

आणि तेथल्या बागेंत काय कमी आहे? न्यू साउथ वेल्स प्रांतांत ‘ख्रिसमस बुश’ नांवाचें झाड आहे. वसंतांत त्याला बारीक पांढरीं फुलें येतात. पाकळ्या गळल्यावर फुलाखालचीं दलें वाढतात व नाताळाच्या सुमारास लालभडक होतात. लोक त्यांनाच फुलें समजतात. शिक्षिकेनें नोव्हेंबरमध्येंच एक फांदी मुलांना दाखवावी व तोच रंग आठवड्या-आठवड्याला पुनः पाहावयास सांगावें. महिनाभर पुरेल असा हा पाठ आहे. पश्चिम ऑस्ट्रेलियांत नारिंगी फुलांनीं पेटल्यासारखें दिसणारें ‘नाताळाचें झाड’ आहे. तें आपल्या बांडगुळाच्या कुळांतलें असून जमिनीखालीं शेजारच्या झाडांच्या मुळांतून रस ओढून घेतें. चार वर्षांच्या मुलाला हें सांगण्याची आवश्यकता नाहीं, शिक्षिकेला मात्र ठाऊक असावें. शिवाय सोनेरी झांक मारणारे नाताळी भुंगेरे आहेत. आपल्याकडील शेतकऱ्याला हुमणी ठाऊक आहे, त्याच जातीचे हे. अळी मातींत मुळें खाते, भुंगेरा निलगिरीचीं पानें. एक भुंगेरा कांचेच्या बरणींत घडीभर ठेवून परत झाडावर सोडला, तर कागदी बर्फाच्या शंभर चांदण्यांनीं होणार नाहीं इतका आनंद मुलांना होतो.

गाण्यांचीही उणीव नाहीं. विल्यम जेम्स या संगीतकारानें जॉन व्हीलरच्या शब्दांवर १९४८ सालीं खास ऑस्ट्रेलियाचीं नाताळगीतें रचलीं. त्यांत तेथलेच पक्षी व तेथलाच उन्हाळा आहे.

मेणबत्तीची गोष्ट निराळी. मेलबर्न येथील नॉर्मन बँक्स या नभोवाणी निवेदकानें १९३७ सालच्या नाताळच्या आदल्या रात्रीं एका खिडकींत एक वृद्ध बाई मेणबत्तीच्या उजेडांत एकटीच नभोवाणीवरील गीतें ऐकत बसलेली पाहिली, असें सांगतात. पुढच्याच वर्षीं त्यानें बागेंत सामुदायिक मेणबत्ती-गायन सुरू केलें. हजारों लोक जमले, आणि आज तो त्या देशाचा रिवाज झाला आहे. पण तेथें सूर्य पावणेनऊच्या सुमारास मावळतो. तोंवर लहान मुलें झोंपलेलीं असतात. वणव्याच्या भीतीनें उघड्यावर ज्योत लावण्यास बंदी असलेले दिवसही येतात. म्हणून बालवर्गांत कागदी कंदील व आंत विजेरीचा लहान दिवा, एवढें पुरे.

प्रत्यक्ष उत्सव सकाळीं लवकर करावा व ऊन चढण्यापूर्वीं मुलांना सावलींत आणावें. साखरेचा लेप दिलेला केक वितळतो. त्याऐवजीं आंबा, चेरी, कलिंगड. दोन वाट्या कणीक, एक वाटी मीठ व बेताचें पाणी यांचा गोळा मळून मुलांनीं चांदण्या व भुंगेरे कापावेत. दोऱ्यासाठीं भोंक ओलेपणींच पाडावें, वाळल्यावर तुकडा मोडतो. पसरट भांड्यांत शिंपले घालून पाणी गोठवावें व तो बर्फ घंगाळांत ठेवून मुलांना हात लावूं द्यावा. त्यांना थंडी कळेल ती अशीच. लोंकरी झग्यांत घामाघूम होणाऱ्या पालकाची मात्र सुटका करावी!

मग सांताक्लॉज व रेनडियर हद्दपार करावयाचे काय? कांहीं उत्साही शिक्षक तसें म्हणतात. तें योग्य वाटत नाहीं. पुष्कळ मुलांचे आजी-आजोबा त्या थंड देशांतून आलेले असतात, आणि दूरच्या देशाची गोष्ट मुलाला नेहमींच गोड लागते. फक्त क्रम सांभाळावा. आधीं अंगण, मग गोष्ट. आणि गोष्ट सांगतांना “त्या देशांत आज थंडी आहे” असें सरळ सांगावें. दिवा व चेंडू घेऊन पृथ्वीचें भ्रमण समजाविण्याचा खटाटोप तिसऱ्या-चौथ्या इयत्तेपर्यंत राखून ठेवावा.

वर्गांत सर्व मुलें ख्रिस्ती नसतात. २००९ सालीं तेथें बालशिक्षणाचा राष्ट्रीय आराखडा निघाला, त्यांत घरोघरच्या चालीरीतींचा आदर राखण्यास सांगितलें आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबरांत ज्या वर्गानें मराठी मुलाच्या पणत्या रंगविल्या, त्या वर्गांत डिसेंबरमध्यें तेंच मूल चांदण्या निःशंकपणें करतें.

तेथें शाळेचें वर्षही डिसेंबरांतच संपतें. मोठीं मुलें सुटीनंतर प्राथमिक शाळेंत जातात, म्हणून नाताळ हाच त्यांचा निरोपाचा दिवस. कणकेची चांदणी आईच्या हातीं देऊन तीं फाटकाबाहेर पडतात, आणि कांहीं तेवढ्यांतून पुनः मागें पळत येतात, बरणींतला भुंगेरा सोडला कीं नाहीं तें पाहावयाला.