घरच्या संगणकाचा राखणदार कसा पारखावा?

गेल्या मार्चमधली गोष्ट. ताईच्या एम. ए.च्या प्रबंधिकेची नव्वद पाने टाइप होऊन झाली होती, पंधरा-वीस उरली होती आणि सोमवारी ती विभागात द्यायची होती. शनिवारी रात्री पडद्याच्या कोपऱ्यात लाल चौकट उमटली: धोका आढळला, कारवाई केली. पाहतो तर तिचा मराठी टंकलेखनाचा प्रोग्रॅमच नाहीसा! प्रबंधिका शाबूत होती, पण त्या जुन्या धाटणीच्या फाँटमध्ये पुढचे एक अक्षर उमटेना. (युनिकोडमध्ये का टाइप केले नाहीस, हे विचारण्याची ती वेळ नव्हती.)

बाबा म्हणाले, "पैसे देऊन घेतलेला अँटीव्हायरस आहे. काही दिसल्याशिवाय धरणार नाही." ताई म्हणाली, "चार वर्षे मी हा प्रोग्रॅम वापरते आहे." घरात विज्ञान शाखेचा मी एकटाच, त्यामुळे निवाडा माझ्याकडे आला. त्यातच अँटीव्हायरसची वर्षाची मुदत महिनाअखेर संपत होती. पुन्हा पैसे भरावेत की नाही, हाही प्रश्न होताच.

अँटीव्हायरस चोर दोन प्रकारे ओळखतो. पहिला प्रकार पोलीस ठाण्यातल्या फोटोंसारखा. माहीत असलेल्या विषाणूंच्या खुणांची यादी त्याच्याजवळ असते, तिच्याशी तो प्रत्येक फाइल ताडून पाहतो. पण नवा विषाणू यादीत नसतो. म्हणून दुसरा प्रकार, वागणुकीवरून संशय घेण्याचा. आता मराठी टंकलेखनाचा प्रोग्रॅम काय करतो? दाबलेली प्रत्येक कळ मध्येच अडवतो आणि तिच्या जागी मराठी अक्षर ठेवतो. पासवर्ड चोरणारा प्रोग्रॅमही प्रत्येक कळ मध्येच टिपतो. बाहेरून पाहणाऱ्याला दोघांची वागणूक सारखीच दिसते. आपल्या कन्नड विभागातल्या मित्रांच्या टंकलेखन प्रोग्रॅमवरही हीच पाळी येऊ शकते. फ्रेड कोहेन या अमेरिकी संशोधकाने १९८४ सालीच दाखवून दिले होते की, कोणताही प्रोग्रॅम विषाणू आहे की नाही हे दरवेळी अचूक सांगणारी पद्धत असूच शकत नाही. तेव्हा डब्यावर 'संपूर्ण संरक्षण' असे छापलेले असले, तरी ते जाहिरातीपुरतेच समजावे.

दुकानात आपण विचारतो, "हा किती व्हायरस पकडतो?" दुसरा प्रश्न कोणी विचारत नाही: हा निरपराध किती धरतो? समजा, संगणकावर दोन लाख फाइली आहेत आणि अँटीव्हायरस दहा हजारांत एकदाच चुकतो. ऐकायला उत्तम वाटते. पण हिशेब केला, तर २० निर्दोष फाइली आरोपी ठरतात. खरा विषाणू संगणकात असला, तर एखाददुसरा. म्हणजे लाल चौकट दिसली, तरी बहुतेक वेळा आरोप खोटाच. संख्याशास्त्राच्या तासाला हे गणित आपण रोगनिदानाच्या उदाहरणाने करतो. २१ एप्रिल २०१० रोजी मॅकॅफीच्या एका अद्ययावत यादीने विंडोज एक्सपीची स्वतःचीच एक आवश्यक फाइल विषाणू म्हणून धरली आणि जगभरचे हजारो संगणक पुन्हापुन्हा बंद-चालू होऊ लागले.

सुदैवाने हे दोन्ही प्रश्न विचारणाऱ्या प्रयोगशाळा आहेत. जर्मनीत माग्डेबुर्ग येथे एव्ही-टेस्ट, ऑस्ट्रियात इन्सब्रुक येथे एव्ही-कम्पॅरेटिव्ह्ज. त्यांचे अहवाल फुकट वाचता येतात. एव्ही-टेस्टची पद्धत मला आवडली. संरक्षणाला ६ गुण, संगणक किती मंदावतो याला ६, आणि खोट्या आरोपांपासून मुक्ततेला ६, असे एकूण १८. मात्र चाचणीसाठी कंपन्यांकडून शुल्क घेतले जाते, हे ध्यानात ठेवावे. शिवाय ९९.७ आणि ९९.९ यांतल्या फरकावर भांडण्यात अर्थ नाही. एकाच अहवालावर न जाता, मागचे चार-पाच अहवाल लागोपाठ पाहून कोण सातत्याने बरा आहे, ते पाहावे.

काही पारख घरीही होते. आयकारची ६८ अक्षरांची एक निरुपद्रवी चाचणी-फाइल मिळते. सगळे अँटीव्हायरस ठरवून तिला विषाणू मानतात. ती पकडली गेली म्हणजे राखणदार जागा आहे, एवढेच कळते. तो हुशार आहे की नाही, हे नव्हे. वेग मी मोबाइलच्या घड्याळावर मोजला. फोटोंचे एकच मोठे फोल्डर दोन्ही व्यवस्थांत नकलून पाहिले. दरवेळी आधी संगणक बंद करून पुन्हा चालू केला, कारण एकदा वाचलेले संगणकाच्या स्मृतीत राहते आणि दुसरी नक्कल उगाच जलद होते. आमच्या फिरत्या चकतीच्या संगणकावर विकतच्या राखणदाराने विंडोजबरोबर मिळणाऱ्या डिफेंडरपेक्षा जवळजवळ दीडपट वेळ घेतला. नव्या संगणकावर हा फरक कदाचित जाणवणारही नाही. दोन्ही अँटीव्हायरस मात्र एकदम चालवू नयेत.

ताईच्या प्रोग्रॅमचे काय झाले? ती फाइल मी व्हायरसटोटल या संकेतस्थळावर पाठवली. तेथे साठ-सत्तर अँटीव्हायरस एकाच वेळी मत देतात. (स्वतःची प्रबंधिका किंवा खासगी कागद तेथे पाठवू नयेत, पाठवलेले इतरांच्या हाती जाऊ शकते.) चौघांनी संशय घेतला, तोही मोघम नावाने, कोणत्याही ठरावीक विषाणूचे नाव न घेता. मग निर्मात्यांच्या संकेतस्थळावरून ताजी प्रत उतरवली. दोन्ही प्रतींची ओळखखूण अक्षरशः जुळली, म्हणजे मधे कोणी काही घुसडलेले नव्हते. मग विलगीकरणातून फक्त तेवढी फाइल सोडवली आणि अपवादात नोंदवली. अख्खे फोल्डर अपवादात टाकण्याचा मोह होतो, तो टाळावा.

रविवारी रात्री एक वाजता ताईने शेवटचे पान टाइप केले.

विकतच्या राखणदाराबद्दल माझी वैयक्तिक तक्रार नाही. झेरॉक्सच्या दुकानातून आलेल्या पेनड्राइव्हवरचा विषाणू त्याने एकदा नेमका पकडला होता. पण आम्ही मुदत वाढवली नाही. डिफेंडर ठेवला, आणि ठरावीक फोल्डरांत अनोळखी प्रोग्रॅमला लिहू न देणारी त्याची सोय, जी मुळात बंद असते, ती चालू केली. ताईच्या टंकलेखन प्रोग्रॅमला तिथेही वेगळी परवानगी द्यावी लागली. वाचलेल्या पैशांतून एक मोठा पेनड्राइव्ह आणला. दर रविवारी त्यावर सगळ्या कागदांची नक्कल होते आणि नंतर तो काढून कपाटात ठेवला जातो. कपाटाची किल्ली बाबांकडे आहे.