कपाटातलं संशोधन

शिक्षक होऊ पाहणाऱ्या मुलामुलींनी थोडं तरी संशोधन केलंच पाहिजे, असा आपल्या विद्यापीठांचा दंडक आहे. बी.एड.ला त्याला कृतिसंशोधन म्हणतात, एम.एड.ला लघुप्रबंध आणि त्यापुढे पीएच.डी.चा प्रबंध. हे संशोधन होतं कसं, त्याला मदत कोण करतं आणि झाल्यावर ते जातं कुठे, याबद्दल आज थोडं सांगायचं आहे.

मी संशोधक नाही. माझं शिक्षण बी.ए.पर्यंतचं, आणि लोक ओळखतात ते कवितेमुळे. पण पोटापाण्यासाठी गेली चोवीस वर्षं मी एका विद्यापीठाच्या शिक्षणशास्त्र विभागाच्या कार्यालयात काम करतो. विषयमंजुरीच्या फायली, शाळांना द्यायची परवानगीपत्रं, मार्गदर्शकांच्या याद्या, तोंडी परीक्षेच्या तारखा, बांधणी करून आलेल्या प्रती, हे सारं माझ्या टेबलावरून जातं. संशोधनाचा आत्मा काय असतो हे प्राध्यापक सांगतील. त्याचं शरीर मात्र मी रोज पाहतो.

या बाबतीत महाराष्ट्राची परंपरा जुनी आहे. एम.एड. ही पदवी देशात सर्वप्रथम सुरू केली ती मुंबई विद्यापीठाने, १९३६ साली. शिक्षणशास्त्रातली देशातली पहिली पीएच.डी.ही तिथलीच, १९४३ची. जे. पी. नाईक आणि चित्रा नाईक यांनी १९४८ साली मुंबईत भारतीय शिक्षण संस्था काढली, पुढे ती पुण्याला आली. शेजारी बडोद्याला प्रा. एम. बी. बुच यांनी देशभरातल्या शैक्षणिक संशोधनाची पाहणी करून १९७४ साली तिचा पहिला खंड प्रसिद्ध केला. कुणी काय शोधलं हे एका ठिकाणी सापडावं, म्हणजे पुढच्याने तेच पुन्हा करू नये, असा त्यामागचा साधा हिशेब होता.

आणि तेच पुन्हा करणं हा आमच्याकडचा सर्वांत मोठा रोग आहे. विषयांची यादी टाइप करताना मला नेहमी गझल आठवते. गझलेत प्रत्येक शेराच्या शेवटी रदीफ येतो, तसा या यादीत प्रत्येक ओळीच्या शेवटी 'परिणामकारकतेचा अभ्यास' येतो. अमुक पद्धतीच्या परिणामकारकतेचा अभ्यास, तमुक साहित्याच्या परिणामकारकतेचा अभ्यास. गझलेत रदीफ तोच असला तरी प्रत्येक शेरात नवं काही सांगावं लागतं. इथे ती अट नाही. गेल्या वर्षीचा विषय, फक्त आठवीच्या जागी नववी आणि गणिताच्या जागी विज्ञान. आणि निष्कर्ष? पद्धत परिणामकारक आढळली. ती कुचकामी आढळली, असं लिहिलेला लघुप्रबंध माझ्या टेबलावर फार क्वचित आला.

मुलांना दोष देऊन हात झटकता येत नाहीत. कृतिसंशोधन ही मुळात शिक्षकाच्या हातातली गोष्ट. कर्ट लेविन यांनी १९४०च्या दशकात ही कल्पना मांडली, स्टीफन कोरे यांनी १९५३च्या आपल्या पुस्तकातून ती अमेरिकेतल्या शाळांपर्यंत नेली, आणि इंग्लंडमध्ये लॉरेन्स स्टेनहाउस यांनी शिक्षक हाच संशोधक असा आग्रह धरला. आपल्या वर्गात काय अडतंय ते पाहायचं, एक उपाय करायचा, काय झालं ते नोंदवायचं, उपाय बदलायचा, पुन्हा पाहायचं. यासाठी मोठं संख्याशास्त्र लागत नाही. लागतो तो स्वतःचा प्रश्न आणि वेळ.

वेळेचं गणित पाहा. २०१५पासून बी.एड. दोन वर्षांचं झालं, त्यात किमान वीस आठवडे शाळेत काढायचे ठरले, पैकी सोळा दुसऱ्या वर्षी. ऐकायला भरपूर वाटतं. पण त्याच सोळा आठवड्यांत पाठ घ्यायचे, पाठांची टाचणं काढायची, परिपाठ, स्नेहसंमेलन, घटक चाचणी आणि वह्या रंगवायच्या. शाळेचं परवानगीपत्र उशिरा निघालं की छात्राध्यापक वर्गात उभा राहतो तेव्हा सहामाही जवळ आलेली असते. मग तो काय करणार? झेरॉक्सच्या दुकानात जातो. तिथे प्रश्नावली तयार मिळते, आणि काही ठिकाणी उत्तरंही. २०२५ साली एक वर्षाचं बी.एड. पुन्हा आणण्याचा मसुदा जाहीर झाला, तेव्हा माझ्या मनात पहिला प्रश्न आला तो या सोळा आठवड्यांचा.

मार्गदर्शकांची बाजूही ऐकली पाहिजे. पीएच.डी.साठी प्राध्यापकाकडे आठ, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा आणि सहायक प्राध्यापकाकडे चार, अशी विद्यार्थ्यांची मर्यादा विद्यापीठ अनुदान आयोगाने घातलेली आहे. विनाअनुदानित बी.एड. महाविद्यालयात मात्र तासिका तत्त्वावर येणाऱ्या एका शिक्षकाच्या वाट्याला कृतिसंशोधनाचे वीस-पंचवीस अहवाल येतात. त्याला पैसे मिळतात ते वर्गात घेतलेल्या तासाचे. अहवाल वाचण्याचा तास कुणाच्याच वेळापत्रकात नसतो. मग न वाचता सही होते, आणि न वाचता सही होणार हे विद्यार्थ्यालाही ठाऊक असतं.

अशा वातावरणात एक मुलगी आली होती, तिची हकिकत सांगतो. तिला विषय मिळाला होता 'उर्दू माध्यमाच्या विद्यार्थ्यांच्या मराठी विषयातील अभिरुचीचा अभ्यास'. प्रश्नावली ठरलेली होती: पूर्णपणे सहमत, सहमत, तटस्थ वगैरे. ती सही घ्यायला आली आणि सहज म्हणाली, "चाचा, मुलांना मराठी आवडतं हो, पण ती 'माझा घर' म्हणतात आणि वर्ग हसतो. मग ती बोलायचीच बंद होतात."

मला ते लगेच कळलं, कारण आमच्या घरी दखनी बोलतात आणि मी मराठी शाळेत शिकलो. उर्दूत लिंगं दोन, मराठीत तीन. घर, पाणी, दूध, फूल हे शब्द दोन्हीकडे जवळपास सारखेच, पण उर्दूत ते पुल्लिंगी आणि मराठीत नपुंसकलिंगी. म्हणून मूल 'दूध सांडला' म्हणतं. किताब स्त्रीलिंगी, म्हणून 'माझी पुस्तक'. हा निष्काळजीपणा नव्हे. मूल आपल्या घरच्या भाषेचा नियम चोख पाळत असतं, फक्त तो दुसऱ्या भाषेला लावत असतं. मी तिला म्हटलं, हे मॅडमना सांग.

तिच्या मार्गदर्शक बाई समंजस होत्या. त्यांनी प्रश्नावली बाजूला ठेवायला लावली आणि सांगितलं, सहावीच्या निबंधाच्या वह्या आण. दोघींनी बसून चुका वेगळ्या काढल्या. शुद्धलेखनाच्या एकीकडे, लिंगाच्या दुसरीकडे. लिंगाच्या चुकांत नपुंसकलिंगी शब्दांचाच ढीग मोठा निघाला. मग तिने रोज दहा मिनिटं तोंडी खेळ घेतला, वर्गातल्या नि घरातल्या वस्तूंवरून 'ते घर, माझं घर, ते दूध, दूध सांडलं'. तीन आठवड्यांनी पुन्हा लिहायला दिलं. खेळात आलेले शब्द पुष्कळसे सुधारले होते. न आलेल्या शब्दांत जवळजवळ काहीच फरक पडला नव्हता.

म्हणजे नियम मुलांना उमगला नव्हता, शब्द तेवढे पाठ झाले होते. हे तिने जसंच्या तसं लिहिलं. 'परिणामकारक आढळली' असं लिहून टाकणं सोपं होतं. बाईंनी तिला तसं करू दिलं नाही, आणि तोंडी परीक्षेत गुणही कापू दिले नाहीत. मदत म्हणजे मी हेच समजतो. त्याला एक पैसा अनुदान लागलं नाही. वेळेवर गेलेलं पत्र, वाचणारा माणूस आणि अपुरा निष्कर्ष लिहिण्याची मुभा, एवढंच लागलं.

आता पुढचं ऐका. तो अहवाल काळ्या रेक्झिनच्या बांधणीत, सोनेरी अक्षरांत विभागाच्या कपाटात गेला. पीएच.डी.चे प्रबंध निदान 'शोधगंगा' या संकेतस्थळावर चढतात, कुणालाही वाचता येतात. कृतिसंशोधनाला आणि एम.एड.च्या लघुप्रबंधाला तीही जागा नाही. दुसऱ्याच वर्षी त्याच शाळेत आमचाच दुसरा छात्राध्यापक तीच जुनी अभिरुचीची प्रश्नावली घेऊन गेला. मुख्याध्यापकांनी मला फोन केला. आवाज चढलेला नव्हता, पण शब्द टोचणारे होते. म्हणाले, "साहेब, तुमची माणसं दरवर्षी येतात, आमच्या मुलांचा आठवडा नेतात. मागच्या बाईंना काय सापडलं ते आम्हाला आजवर कुणी सांगितलं नाही."

त्यानंतर आमच्या तेव्हाच्या विभागप्रमुखांनी दोन गोष्टी सुरू केल्या. परवानगीपत्रं जुलैमध्येच पाठवायची. आणि प्रत्येक अहवालाची दोन पानं, साध्या मराठीत, परिकल्पना-न्यादर्श असे शब्द टाळून, मुलांची नावं वगळून, त्या शाळेला पोचवायची. ती पोचल्याची पावती आल्याशिवाय मी फाईल पुढे सरकवायची नाही. पहिल्या वर्षी कुरकुर झाली. दोन पानं लिहिणं शंभर पानांपेक्षा अवघड आहे, हे मुलांना तेव्हा कळलं. कवीला ते आधीपासून ठाऊक असतं, असो. विभागप्रमुख बदलल्यावर पावतीची अट गेली. जुलैची पत्रं तेवढी अजून जातात, कारण ती माझ्याच हातात आहेत.

वरून नियम पुष्कळ येतात. २०१६च्या नियमांत प्रबंध देण्याआधी शोधनिबंध छापण्याची सक्ती होती, त्यावर पैसे घेऊन छापणारी नियतकालिकं पोसली गेली. २०२२मध्ये ती सक्ती उठली. २०१८पासून प्रबंधात दहा टक्क्यांपर्यंतच साम्य चालतं. ते कमी करायला 'विद्यार्थी'चं 'अध्ययनार्थी' करणारे वीर मी पाहिले आहेत. या नियमांनी चोरी थोडी अडते, हे खरं. पण प्रश्न खरा आहे का, आणि उत्तर शाळेत पोचलं का, हे विचारणारा रकाना माझ्याकडच्या एकाही छापील नमुन्यात नाही.

ती मुलगी आता जिल्हा परिषदेच्या उर्दू शाळेत शिकवते. तिने आपली ती दोन पानं केंद्राच्या शिक्षण परिषदेत वाचून दाखवली, शेजारच्या दोन शाळांनी मागून घेतली. न शिकवलेल्या शब्दांना नियम कसा लावायला शिकवावा, यावर ती यंदा पुन्हा वह्या गोळा करते आहे. या वेळी पदवीसाठी नव्हे, आणि त्याची फाईलही माझ्याकडे येणार नाही.